पूरतयारी : दूध संस्थेच्या वहीतल्या नोंदी

९ एप्रिल

आजपासून ही वेगळी वही घातली. काल रात्री मारुतीच्या देवळात पंधरा-सोळा जण बसलो होतो. सरपंच ताई, पोलीस पाटील, आशा ताई, शाळेचे गुरुजी, तालमीतली पोरं आणि मी, दूध संस्थेचा सचिव. पावसाळ्याला दोन महिने आहेत. या खेपेला पाणी दारात यायच्या आधी तयारी पुरी करायची, एवढं एकमतानं ठरलं आणि नोंदी ठेवायचं काम माझ्याकडं आलं.

शिरोळ तालुक्याला पूर नवा नाही. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत येते, पंचगंगा नृसिंहवाडीत येते, पुढं दूधगंगा मिळते. एवढ्या नद्यांचं पाणी ज्या सपाट काळ्या रानातून कर्नाटकात उतरतं, त्या रानात आमचं गाव. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा गावात पाणी होतं.

पोलीस पाटलांनी सरळ प्रश्न टाकला, "२०१९ ला सूचना आली नव्हती का?" आली होती. दवंडी झाली, गाडीवर भोंगा लावून पोरं गल्लीगल्लीनं फिरली. तरी नदीकाठच्या तीन गल्ल्यांतली २३ घरं शेवटी बोटीनं काढावी लागली. का थांबली माणसं? कुणी म्हणालं २००५ ला इथवर पाणी आलं नव्हतं म्हणून, कुणी म्हणालं चोरीच्या भीतीनं, कुणी म्हणालं हट्टानं.

घरी आल्यावर झोप लागेना. कपाटातून त्या सालचं दूध घालणाऱ्यांचं रजिस्टर काढलं आणि त्या २३ घरांची नावं लावून बघितली. १९ नावं रजिस्टरात सापडली. म्हणजे १९ घरांत दावणीला म्हैस नाहीतर गाय होती. बाकीची कारणं खोटी नसतील, पण पहिलं कारण हे दिसतंय. गोठा सोडून माणसाला जाता येत नाही, आणि गोठा घेऊन कुठं जायचं हे कुणी कधी सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल

टीव्हीवर 'पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली' असं येतं तो आकडा कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरचा. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५. हे आकडे गावातल्या पोरासोरांना पाठ आहेत. पण ४३ फूट झालं म्हणजे आपल्या उंबऱ्याला किती, असं विचारलं की सगळे गप्प बसतात. गावाची स्वतःची मोजपट्टी हवी. गवंडी मामांना बोलावलंय.

१७ एप्रिल

आजचा दिवस नळीचा.

मामांनी दोन जागांची उंची ताडायला पंधरा मीटरची पारदर्शक नळी आणली. बादलीतलं पाणी तोंडानं ओढून भरलं, मग अर्धा तास नुसता हवेचा एक बुडबुडा काढण्यात गेला. बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी पडते. मामा नळीवर टिचक्या मारत, ती डोक्यावर धरत त्याला पुढं पुढं सरकवत होते आणि आम्ही पाच-सहा जण त्या मोहरीएवढ्या हवेकडं बघत उभे. शेवटी तो फुटला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सुरुवात देवळाच्या दीपमाळेपासून. २०१९ ला पाणी जिथं थांबलं तिथं तालमीच्या पोरांनी तेव्हाच ऑइलपेंटनं रेघ ओढून ठेवली होती. नळीचं एक टोक त्या रेघेला, दुसरं टोक पुढच्या घराच्या भिंतीला. दोन्हीकडचं पाणी वरखाली होतं, डुलतं, मग स्थिर होतं. "श्वास सोडू नको नळीत," मामा म्हणायचे. स्थिर झालं की पेन्सिलची खूण, आणि नळी पुढच्या घराला. असं करत सकाळी सातपासून अकरापर्यंत वरची गल्ली आणि ऊन उतरल्यावर खालच्या दोन्ही. एकाच पाण्याची रेघ कुठं छातीला, कुठं दाराच्या चौकटीला, कुठं पत्र्याला लागत गेली. लोक दारात येऊन आपल्या भिंतीवरची खूण बोटानं चाचपत होते. बघितलेलंच पाणी, पण मोजून समोर आलं की माणूस वेगळं बोलायला लागतो.

सगळ्यात मोठा उलगडा शेवटी झाला. खालच्या गल्लीत एक चांगलं उंच जोत्याचं घर आहे. मालक अभिमानानं सांगतात, २०२१ ला माझ्या सोप्यात पाणी आलं नाही. खरं आहे. पण नळी त्यांच्या दारातून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत नेली तेव्हा कळलं, त्यांच्या सोप्यापेक्षा मोरीवरचा रस्ता साडेसहा फूट खाली आहे. गावातून माळाकडं जायला हीच वाट. म्हणजे सोपा कोरडा असताना मोरीवर पुरुषभर पाणी असतं. आजवर आम्ही सगळे उंबऱ्याकडं बघत बसलो होतो. घर बुडायच्या कितीतरी आधी वाट बुडते, आणि निघायची वेळ वाटेवरून ठरवायची असते.

१९ एप्रिल

खुणा रंगवल्या. २०१९ ची तांबडी, २०२१ ची पांढरी. विजेच्या खांबांवर रंगवणार होतो, वायरमननं नको सांगितलं, म्हणून भिंतींवरच.

तांबडी रेघ पांढरीच्या वर अडीच फूट आहे. यावरून चावडीत बराच वाद झाला. राजाराम बंधाऱ्यावर दोन्ही वर्षी आकडा ५५ फुटांच्या वरच गेला होता, मग आपल्याकडं एवढा फरक कसा? गुरुजींनी फळ्यावर नद्या काढून समजावलं. आपल्याला नुसती पंचगंगा बुडवत नाही. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी संगमावर अडतं, पुढं सरकायला जागा नसते, आणि ते मागं पसरतं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलावर ५७ फुटांपर्यंत पाणी गेलं होतं, तो फरक आपल्या भिंतीवर उमटलाय.

यातून दोन गोष्टी वहीत पक्क्या केल्या. पहिली, राजारामबरोबर आयर्विनचा आकडाही रोज लिहायचा, शिवाय राधानगरी, कोयना, वारणा आणि खालच्या अलमट्टीतून किती पाणी सोडलंय तेही. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं. किती दरवाजे उघडले, या बातमीला आमच्याकडं फार वजन आहे. दुसरी गोष्ट, कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं म्हणून घरी परतायचं नाही. तिकडं उतरलेलं पाणी आपल्याकडंच येत असतं आणि कृष्णा मोकळी झाल्याशिवाय ते हलत नाही.

१ मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. खुणांचा नकाशा भिंतीवर लावला. तीन गल्ल्यांत ६२ घरं, ४८ घरांत जनावरं, मोठी १३० आणि वासरं-रेडकं ४१. लोकांनी ऐकून घेतलं. "जनावरं कुठं न्यायची ते सांगा, मग आम्हाला सांगा," असं मागनं कुणीतरी म्हणालं आणि सभा तिथंच संपली. रास्त प्रश्न होता.

६ मे

खालच्या गल्लीतल्या आक्कांकडं गेलो. वय सत्तरीपुढं, घरात त्या आणि नातू, दावणीला दोन म्हशी. २०१९ ला त्यांना काढायला बोट गेली तेव्हा त्या गोठ्यात कमरेएवढ्या पाण्यात म्हशींची दावी धरून उभ्या होत्या. पोरांनी उचलून बोटीत घातलं तर त्यांनी विळा मागून घेतला, दोन्ही दावी कापली आणि मगच बसल्या. एक म्हैस पोहत बांधावर लागली, एक गेली.

मी म्हणालो, "आक्का, या वर्षी आधी निघायचं."

"निघतो की. मी कुठं न्हाई म्हनलोय? पन म्हशीला काय शाळंत बसवतोस व्हय? शाळंत मानसं बसत्यात, म्हस बाहीर पावसात. दूध कोन घिनार? दहा दिसाचं बिल बुडलं तर म्या काय खाऊ, नातवाला काय घालू?"

उत्तर नव्हतं. चहा घेतला आणि उठलो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत डोक्यात एकच वाक्य घोळत होतं, दूध कोण घेणार. अरे, दूध तर मी घेतो! लोक जनावरं हलवत नाहीत कारण जनावरं हलवली की दूध बंद, आणि दूध घालायचं केंद्र गावात आहे म्हणून जनावरंही गावात. माणसं हलवायची तर जनावरं आधी हलवली पाहिजेत, आणि जनावरं हलवायची तर संकलन केंद्र सगळ्यात आधी माळावर गेलं पाहिजे. संस्थेच्या संचालकांना आज रात्रीच भेटतो.

७ मे

संचालक मंडळानं ठराव केला. पाणी ठरलेल्या खुणेला लागलं की गावातलं संकलन बंद आणि त्याच वेळेपासून माळावर सुरू. फॅट मशीन आणि वजनकाटा बॅटरीवर चालवायचा. टँकर माळाच्या रस्त्यानं येऊ शकतो, चालकाशी बोलणं झालं. या एका ठरावानं सगळ्या कामाला पाय फुटले असं वाटतंय.

११ मे

माळावर एक बंद पडलेलं गुऱ्हाळघर आहे. मोठं पत्र्याचं छप्पर, पुढं मोकळी जागा, आणि दोन्ही महापुरांत तिथं पाण्याचा टिपूस नव्हता. मालक पुण्यात असतात, फोनवर एका बोलण्यात हो म्हणाले. शेजारच्या रानातली बोअर वापरायला शेतकरी तयार आहे, वीज गेली तर जनरेटर संस्थेचा.

रात्री हिशोब मांडला. मोठ्या जनावराला दिवसाला ६ किलो सुकी वैरण धरली तर १३० जनावरांना ७८० किलो. आठ दिवसांचे ६२४० किलो, म्हणजे सव्वासहा टन. हिरव्याचं काय? उसाचं वाडं त्या दिवसांत मिळत नाही, मका-हत्तीगवत पाण्याखाली असतं. मुरघासाच्या पिशव्या हा एकच उपाय. मका आत्ता कापून, कुटून, हवाबंद भरून ठेवला तर दीड महिन्यात तयार होतो आणि न फोडता टिकतो. संस्थेनं निम्मा खर्च उचलायचा, निम्मा सभासदांच्या बिलातून हप्त्यानं. पाणी जनावरामागं रोजचं ६० लिटर, म्हणजे मोठ्यांनाच ७८०० लिटर. हा आकडा बघून गप्प झालो. बादल्यांनी होणारं काम नाही. बोअरजवळ सिमेंटच्या दोन गव्हाणी बांधायला मामांना सांगितलं.

१६ मे

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. एवढी जनावरं एका ठिकाणी बांधायची तर रोग एकाचा दुसऱ्याला लागणार, म्हणून घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत या लसी पाऊस लागायच्या आधी. गायींना लम्पीचीही. सोबत कानातल्या बिल्ल्यांची तपासणी केली. २६ जनावरांना बिल्लाच नव्हता. बारा आकडी नंबर वहीत आणि फोटो मोबाइलात. जनावर दगावलं तर पंचनाम्याच्या वेळी हे दाखवता आलं पाहिजे, तेव्हा शोधाशोध करायला कुणाच्या अंगात त्राण नसतं.

२४ मे

एका कार्यालयातून गावातल्या पोहणाऱ्यांची यादी आली. तिच्यातले दोघे हयात नाहीत आणि एक जण मुंबईला असतो. मन खट्टू झालं. मग स्वतःच यादी केली. तालमीतली अकरा पोरं, दोन भोई. प्रत्येकाला नदीत पोहायला लावून बघितलं. विहिरीत सूर मारणारा पुराच्या पाण्यात टिकेलच असं नाही, ओढ वेगळी असते.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला काय झालं ते पोरांना परत सांगितलं. गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली, १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. आमचे नियम त्यावरूनच. बोटीवर किती माणसं बसायची तो आकडा रंगानं लिहायचा. जॅकेटशिवाय एकही माणूस बसणार नाही, लेकरूसुद्धा. कुणी रडो, शिव्या देवो, आकडा भरला की बोट सुटली. आणि बोट कुणी चालवायची हे आधी ठरलेलं असेल, त्या वेळी पुढाऱ्यानं सांगून बदलणार नाही.

गुऱ्हाळातली काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, घेऊ का, असं एका पोरानं विचारलं. आमच्याकडं पुरात काहिलीतून माणसं काढल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत आणि त्यातून जीव वाचलेतही. पण ती गोल, जागच्या जागी फिरते, एका अंगाला भार गेला की कलंडते. दुसरं काहीच हाताशी नसेल तर एखादा माणूस, एरवी नाही. खरं तर सगळं वेळेवर झालं तर बोटीची पाळी यायलाच नको.

३ जून

आशा ताईंनी त्यांची यादी दिली. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या चौघीजणी. डायलिसिसवर एक जण, आठवड्यातून दोन वेळा कोल्हापूरला जातो. इन्सुलिन घेणारे तिघे. अंथरुणाला खिळलेले पाच. यांना मोरीवर पाणी यायची वाट बघायची नाही. राजारामला ३९ फूट झालं की त्या दिवशीच यांनी निघायचं. चौघींपैकी दोघींनी माहेर गाठायचं ठरवलंय, दोघींना तालुक्याच्या गावी नातेवाईक आहेत. डायलिसिसवाल्या काकांची कोल्हापुरात भाच्याकडं सोय झाली. इन्सुलिनसाठी आशा ताईंनी सगळ्यांना करून दाखवलं: मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान भांडं, वर ओलं फडकं. फ्रिज बंद पडला तरी औषध उन्हाळ्यासारखं तापत नाही.

जलसुरक्षकानं टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचं, माप शिकवलं. हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम, ढवळून अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तरच प्यायचं. ग्रामपंचायतीतलं जुनं पोतं उघडंच पडलं होतं, त्यातल्या पावडरीनं पाणी पिवळं झालंच नाही. ओल लागली की तिचा जोर जातो. नवं मागवलं, झाकणाच्या पिंपात भरून माळावर नेलं.

५ जून

बचत गटाच्या बायकांनी घरोघरी जाऊन पिशव्या भरून घेतल्या. रेशन कार्ड, आधार, पासबुक, सातबारा, पोरांचे दाखले, सगळं जाड प्लॅस्टिकात. रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. बॅटरी, काडीपेटी, एक जोड कपडे. ते एका खुंटीला, दारामागं. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढायचा आणि सिलिंडर खांबाला करकचून बांधायचा, कारण पुरात सिलिंडर तरंगतो आणि वाहत जातो. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे तीन नंबर प्रत्येक दारावर खडूनं नाही, रंगानं लिहिले. ज्यांच्याकडं चांगला फोन आहे त्यांना आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी 'सचेत' आणि विजांसाठी 'दामिनी' ही ॲप घालून दिली.

७ जून

मृग निघाला. दुपारी ढग आले, टपोरे चार थेंब पडले आणि ऊन. मोरीवर पट्ट्या मारल्या. रस्त्याच्या खाली चार फुटांवर पिवळी, रस्त्याला लागून तांबडी. पिवळीला पाणी लागलं की केंद्र माळावर. तांबडीला लागलं की मोरी बंद, कुणी कितीही घाईत असलं तरी.

चारच फूट का, हे लिहून ठेवतो. जुनी माणसं सांगतात, २०१९ ला पाणी तासाला चार बोटं चढत होतं. चार बोटं म्हणजे ढोबळ तीन इंच. चार फुटांना सोळा तास होतात. रात्री पट्टी भिजली तरी पहाटे धार काढून, उजेडात, न पळता जनावरं माळावर जातात. त्यापेक्षा जोरात चढलं तर तेवढा वेळ मिळणार नाही, म्हणून पाणी पिवळीच्या जवळ आलं की तालमीतली दोन पोरं रात्रभर मोरीवर बसतील आणि तासातासाला मोजतील.

१४ जून

आज सराव. दोन दिवस आधी दवंडी दिली होती. सकाळचं संकलन गावात नाही, माळावर.

४८ घरांपैकी २७ घरं जनावरं घेऊन आली. पहिल्या वेळेला हे कमी नाही. रस्त्यावर म्हशींची रांग, पुढं पोरं, मागं बायका डोक्यावर पेंडीची घमेली घेऊन. सव्वा तास लागला. मोरीवर दोन म्हशी बुजल्या, पुढची जागची हलेना म्हणून मागच्या सगळ्या अडल्या. पुढच्या वेळी शांत, वयस्क म्हैस पुढं घालायची.

खरी अडचण धारेला आली. नवी जागा, शेजारी अनोळखी जनावरं, वर पत्र्याचा आवाज. म्हशींनी पान्हाच सोडला नाही. रोज सहा लिटर देणारी दोन लिटरवर आली. लोकांचे चेहरे उतरले, मलाही घाम फुटला. हेच प्रत्यक्ष पुरात झालं असतं तर दुसऱ्या दिवशी निम्मी जनावरं परत गावात गेली असती.

आक्का एकच म्हैस घेऊन आल्या होत्या. दुसरी घरी, "आधी हिचं बघू" म्हणाल्या. त्यांनी म्हशीला खुंट्याला बांधलं, घरचंच घमेलं पुढ्यात ठेवलं, त्यात रोजचीच पेंड, रोजचाच भुसा. मग कासेला हात न लावता पाठीवरनं हात फिरवत बसल्या, नुसत्या बोलत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. तोपर्यंत बाकीचे आवरून निघायच्या बेतात होते. मग त्यांच्या बादलीत धारेचा आवाज सुरू झाला. पाच लिटरला थोडं कमी भरलं. काट्यावर आकडा आल्यावर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "घमेलं घरचं आनायचं. आनि जो रोज पिळतो त्यानंच बसायचं, सुनंला धाडून चालनार न्हाई."

हे आमच्या कुणाच्याही कागदावर नव्हतं. यादीत घातलं: घरचं घमेलं, घरचं दावं, रोजचं माणूस. आणि ठरवलं की दर रविवारी सकाळचं संकलन माळावरच. पाणी येईपर्यंत जनावरांना ती जागा ओळखीची झाली पाहिजे.

२१ जून

दुसरा सराव. ३६ घरं. वेळ ५० मिनिटं. दूध रोजच्यापेक्षा कमी, पण मागच्या वेळच्या दुप्पट. आक्का दोन्ही म्हशी घेऊन आल्या. उंच जोत्याच्या घराचे मालक अजून आले नाहीत. सरपंच ताई आणि मी उद्या परत जातो, या वेळी त्यांना हात धरून मोरीपर्यंत चालवत न्यायचं.

बायकांनी एक गोष्ट स्पष्ट बजावली. माळावर रात्री राहायचं तर संडास आणि दिवा आधी, नाहीतर त्या येणार नाहीत आणि त्या नाहीत तर धार कोण काढणार. बरोबर आहे, आणि हे आम्हा पुरुषांना एप्रिलमध्येच सुचायला हवं होतं. दोन फिरते संडास ग्रामपंचायतीनं मागवलेत.

२४ जून

उंच जोत्याचे मालक मोरीवर उभं राहून बराच वेळ तांबड्या पट्टीकडं बघत होते. मग म्हणाले, रविवारी येतो.

२६ जून

तीन दिवस घाटमाथ्यावर पावसाची झड आहे. राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी सकाळीच आली. आज शाहू महाराजांची जयंती, शाळेत गुरुजींनी पोरांना राधानगरीचं धरण कुणी बांधलं ते सांगितलं आणि आज तिथली पातळी किती हेही फळ्यावर लिहिलं.

नदीकाठी पाणी उपसायच्या मोटारी काढायची धांदल. चिखलात चार-चार जण दोर लावून मोटार ओढताहेत, ट्रॅक्टरचे दिवे लावून रात्रीपर्यंत काम चालेल. नदीचं पाणी तांबूस झालंय, लाकडं आणि जलपर्णी वाहतेय. घाबरण्यासारखं अजून काही नाही, दरवर्षी जूनअखेर असंच असतं.

संध्याकाळच्या संकलनाला आक्कांनी कॅन रिकामा केला आणि विचारलं, "उद्या दूध हितंच घालायचं का माळावर?"

"इथंच, आक्का. पिवळी पट्टी भिजली की माळावर. दवंडी होईल."

"दवंडी कशाला? म्या येताना मोरीवरनंच आलो, बघूनच आलो," त्या म्हणाल्या. मग कळलं, दुपारी त्यांनी नातवाकडून पिंजराचे चार भारे माळावर पोचवलेत आणि त्यांच्या खुंट्यापाशी प्लॅस्टिक घालून ठेवलेत.

राजाराम २९ फूट. आयर्विन १७. राधानगरीचे दरवाजे बंद. मोरीवर सायंकाळी ७ वाजता : पाणी पिवळ्या पट्टीच्या खाली पाच फूट दोन इंच. रात्री १० ला परत मोजायचं.